डिओचा जन्म १९४२चाच, आणि बाकीच्या वादांबद्दल

तुम्ही हेवी मेटल गायक रॉनी जेम्स डिओचा परिचय लिहायला घेतलाय आणि चार ठिकाणी अडलाय. जन्मवर्ष १९४० की १९४२ की १९४९? तो ज्युलियार्ड या न्यूयॉर्कच्या नामांकित संगीतसंस्थेत शिकला का? मेटलच्या मैफलीत हात उंचावून करतात ती दोन बोटांच्या शिंगांची खूण त्यानेच शोधली का? आणि ब्लॅक सॅबाथ या ब्रिटिश मेटल बँडमधून तो दोनदा बाहेर का पडला? वयाचा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की डिओ कोण होता ते नीट दिसायला लागतं.

जन्म १० जुलै १९४२. मूळ नाव रोनाल्ड जेम्स पॅडाव्होना. घराणं इटालियन, घर न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंड या छोट्या गावात, पण जन्म तिथला नाही. वडील लष्करात होते, त्यामुळे तो न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला जन्मला. कॉर्टलंडमध्ये त्याच्या नावाचा 'डिओ वे' आहे, म्हणून पुष्कळ जण जन्मस्थळही कॉर्टलंडच लिहून टाकतात. तुम्ही ते टाळा.

आता १९४९. ऐंशीच्या दशकात हे वर्ष बऱ्याच ठिकाणी छापलं गेलं आणि एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलं. ते खोडायला जन्मदाखला लागत नाही, त्याची कारकीर्दच पुरेशी आहे. १९५७ साली तो शाळेतल्या मित्रांबरोबर बँडमध्ये बास वाजवत होता. १९५८ मध्ये 'रॉनी अँड द रेड कॅप्स' या नावाने पहिली तबकडी निघाली. १९६० मध्ये दुसरी आली, तिच्यात तो गातो. त्याच वर्षी त्याची शाळा संपली. १९४९ खरं मानलं तर हा मुलगा नवव्या वर्षी तबकडीवर वाजवत होता आणि अकराव्या वर्षी बारावी झाला, असं म्हणावं लागेल. १९४०ही बसत नाही: १९६० साली शाळा सोडणारा मुलगा अठराचा असतो, विसाचा नाही. शिवाय जन्म वडिलांच्या लष्करी नोकरीमुळे पोर्ट्समथला झाला, आणि १९४०च्या जुलैमध्ये अमेरिका युद्धात नव्हती, सक्तीची भरतीही सुरू व्हायची होती. १६ मे २०१० रोजी तो गेला तेव्हा सगळीकडे वय ६७ लिहिलं गेलं, ते बरोबर आहे.

चुकीचं वर्ष इतकं टिकलं याचं कारण माझ्या मते बाजारात आहे. १९८३ मध्ये त्याच्या स्वतःच्या बँडचा 'होली डायव्हर' हा अल्बम आला तेव्हा डिओ एक्केचाळिशीच्या उंबरठ्यावर होता आणि त्याचा गिटारवादक व्हिव्हियन कॅम्पबेल जेमतेम विशीचा. समोरचा श्रोता पंधरा-सोळा वर्षांचा. त्या वयाच्या पोरांना आपला गायक बापाच्या पिढीतला आहे हे सांगायला कोण उत्सुक असणार?

पण ती सात वर्षं कापली की त्याची अर्धी मेहनतच पुसली जाते, आणि मला खरी चीड याची येते. डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोरने आपल्या नव्या 'रेनबो' बँडसाठी त्याला उचललं १९७५ मध्ये. म्हणजे पहिल्या बँडपासून जगाला नाव कळेपर्यंत अठरा वर्षं. १९६१पासून 'रॉनी डिओ अँड द प्रॉफेट्स', १९६७ला 'द इलेक्ट्रिक एल्व्ह्ज', मग 'द एल्व्ह्ज', शेवटी नुसतं 'एल्फ'. छोटे हॉल, कॉलेजांचे नाच, रात्रीचे प्रवास. १९६८च्या फेब्रुवारीत गाडीला अपघात झाला आणि गिटारवादक निक पँटस गेला. हा माणूस तरीही थांबला नाही. एल्फचा पहिला अल्बम १९७२चा, निर्माते डीप पर्पलचे रॉजर ग्लोव्हर आणि इयन पेस. त्याच्या श्रेयनामावलीत 'डिओ' शोधू नका, सापडणार नाही. तिथे 'रोनाल्ड पॅडाव्होना' लिहिलंय. आईवडिलांना एकदा तरी अल्बमवर घराण्याचं नाव दिसावं म्हणून त्याने ते तसं छापून घेतलं. तिशीतला माणूस, पंधरा वर्षं वाजवून पहिला मोठा अल्बम हातात आलाय, आणि पहिला विचार आईबापांचा. परिचयात ही एक ओळ नक्की घाला.

'डिओ' हे नाव कुठून आलं याच्या दोन कथा आहेत. एक अशी की त्याने ते जॉनी डिओ या कुप्रसिद्ध गुंडावरून घेतलं. दुसरीत आजी म्हणते की पोराचा गळा देवाची देणगी आहे, आणि इटालियनमध्ये देव म्हणजे डिओ. मला पहिली जास्त पटते. १९६०च्या सुमारास बँड चालवणाऱ्या इटालियन घरच्या पोराला असं दरारा असलेलं नाव आवडणं स्वाभाविक आहे. आजीची कथा सुंदर आहे, म्हणूनच नंतर चिकटलेली वाटते.

ज्युलियार्डचं थोडक्यात: तो तिथे शिकला नाही. शिष्यवृत्ती देऊ केली होती आणि आपण रॉकपायी ती घेतली नाही, असं तो स्वतः सांगत असे. तेव्हा 'त्याच्या सांगण्यानुसार' हे शब्द घालूनच लिहा. प्रत्यक्षात तो बफलो विद्यापीठात औषधशास्त्राला गेला आणि १९६१ मध्ये सोडून आला. काही ठिकाणी त्याला पदवीधर केलंय, ते चूक.

गाण्याचं शिक्षण त्याने कधीच घेतलं नाही, असंही तो म्हणायचा. पण म्हणून गळा तयार नव्हता असं नाही. लहानपणापासून त्याने ट्रम्पेट वाजवला, पुढे फ्रेंच हॉर्नही, आणि आपल्या गाण्याचं श्रेय तो त्या वाद्याने शिकवलेल्या श्वासाला देई. आपल्याकडे ज्याला दमसास म्हणतात तोच हा. ट्रम्पेटमध्ये हवा छातीच्या वरच्या भागातून ढकलली तर सूर फाटतो आणि लांबत नाही, ती पोटातून, दाब सांभाळत सोडावी लागते. आता रेनबोच्या १९७६च्या 'रायझिंग' अल्बममधलं 'स्टारगेझर' ऐका. साडेआठ मिनिटांच्या आसपासचं गाणं, मागे कोझी पॉवेलचे घणाघाती ड्रम्स आणि म्युनिकचा अख्खा ऑर्केस्ट्रा. एवढ्या गदारोळात कुठलाही गायक किंचाळायला लागला असता. डिओ किंचाळत नाही. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत तो त्याच ओळी फिरवून फिरवून घेतो, दर वेळी सुरावट थोडी बदलतो, आणि वाक्य संपतं तिथेही आवाजाचं वजन कमी होत नाही. शब्द न शब्द कळतो. पहिल्यांदा गाणं म्हणून ऐका, दुसऱ्यांदा फक्त तो श्वास कुठे घेतो तेवढंच बघत ऐका. इतक्या कमी जागा सापडतात की आश्चर्य वाटतं.

ब्लॅकमोरला पुढे रेडिओवर वाजेल असं सोपं रॉक हवं होतं, डिओला नको होतं, म्हणून तो बाहेर पडला. १९७९ मध्ये सॅबाथने आपला गायक ऑझी ऑस्बॉर्नला काढलं आणि डिओ आला. सॅबाथचा गिटारवादक टोनी आयोमीशी त्याची लॉस एंजेलिसच्या एका बारमध्ये योगायोगाने गाठ पडली, अशी एक हकिगत आहे. शॅरन आर्डनने, म्हणजे पुढच्या शॅरन ऑस्बॉर्नने, त्याचं नाव सुचवलं अशी दुसरी. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात, त्यावर वेळ घालवू नका. लिहायचं ते हे, की एकत्र बसल्यावर जवळजवळ लगेच 'चिल्ड्रन ऑफ द सी' तयार झालं आणि १९८०च्या एप्रिलमध्ये आलेल्या 'हेवन अँड हेल'ने संपल्यात जमा झालेला बँड पुन्हा उभा केला.

शिंगांची खूण याच काळातली. ऑझी दोन बोटांनी शांततेची खूण करायचा. त्याच्या जागी आलेल्याने तीच करणं डिओला योग्य वाटेना. मग त्याने लहानपणी आजीला करताना पाहिलेली खूण घेतली. तर्जनी आणि करंगळी वर, मधली दोन बोटं अंगठ्याखाली. दृष्ट काढायला किंवा लावायला इटालियन म्हाताऱ्या ती करत. ही आपण शोधून काढली असं डिओ म्हणत नसे. कोव्हन या अमेरिकन बँडच्या १९६९च्या अल्बमवर ती आहे, सॅबाथचा बासवादक गीझर बटलरही म्हणतो की मी ती आधीपासून करत होतो. २०१७ मध्ये किस बँडच्या जीन सिमन्सने तिच्यासारख्याच खुणेवर, अंगठा बाहेर काढलेल्या, व्यापारचिन्हाचा हक्क मागितला आणि टीका झाल्यावर काही दिवसांतच अर्ज मागे घेतला. जुनी खूण मेटलच्या गर्दीत रुजवली ती डिओने, रात्रीमागून रात्री मंचावरून दाखवून. 'रुजवली' हेच क्रियापद वापरा, कुणी हरकत घेणार नाही.

सॅबाथमधली पहिली फाटाफूट झाली १९८२ मध्ये, 'लाइव्ह एव्हिल' या थेट कार्यक्रमाच्या अल्बमच्या मिक्सिंगवरून. आरोप असा की डिओ रात्री गुपचूप स्टुडिओत जाऊन स्वतःच्या आवाजाची पातळी वाढवून यायचा. डिओने तो कायम नाकारला. ड्रमर विनी अ‍ॅपिसीनेही नाकारला: ठरलेल्या वेळेला आम्ही दोघं हजर असायचो, आयोमी आणि बटलर उशिरा यायचे, असं त्याचं म्हणणं. अ‍ॅपिसी डिओबरोबरच बाहेर पडला, तेव्हा त्याची साक्ष अगदी तटस्थ नाही. तरी मला तीच खरी वाटते, कारण अल्बमचं वेष्टन बघा. गायकाचं नाव नुसतं 'रॉनी डिओ' छापलंय, मधलं 'जेम्स' उडवलंय, आणि सगळे ड्रम्स ज्याने वाजवले तो अ‍ॅपिसी आभाराच्या यादीत ढकललाय. राग कुणाच्या हातात होता ते त्यावरून कळतं.

मधल्या काळात तो सॅबाथमध्ये परतला होता. दुसरी वेळ १९९२ची, आणि तिच्यात गूढ काही नाही. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसाला ऑझीच्या निरोपाच्या म्हणून जाहीर झालेल्या कार्यक्रमांत सॅबाथने त्याच्याआधी वाजवायचं ठरलं. डिओने साफ नकार दिला आणि ते दोन दिवस जुडास प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड गायला. डिओ अहंकारी होता असं यावरून म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या जागी बारा वर्षांपूर्वी येऊन बँड सावरला, तिथेच जुन्या गायकाच्या आधीचा आयटम म्हणून उभं राहायचं? नाही म्हणायचा त्याला पूर्ण अधिकार होता.

सैतानपूजेच्या आरोपावर एक परिच्छेदसुद्धा खर्च करू नका. कॅथलिक घरातला माणूस, आणि चांगलं-वाईट एकाच माणसात कसं नांदतं हा त्याच्या गाण्यांचा कायमचा विषय. त्यापेक्षा 'हिअर एन एड'बद्दल लिहा. आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी १९८५ मध्ये त्याने सुमारे ४० मेटल कलावंत एकत्र आणून 'स्टार्स' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. मूळ कल्पना त्याच्याच बँडमधल्या जिमी बेन आणि कॅम्पबेलची, हेही लिहा, त्यांचा उल्लेख नेहमी राहून जातो.

शेवटच्या टप्प्याला मात्र भरपूर जागा द्या. २००६ला डिओ, आयोमी, बटलर आणि अ‍ॅपिसी हे चौघे पुन्हा जमले, यावेळी 'हेवन अँड हेल' या नावाने. २००९च्या एप्रिलमध्ये 'द डेव्हिल यू नो' आला आणि अमेरिकेच्या यादीत थेट आठव्या क्रमांकावर गेला. डिओ तेव्हा ६६ वर्षांचा होता. १९४९ लिहिलंत तर तो एकोणसाठचा होतो आणि गोष्ट निम्मी होते. त्या ऑगस्टच्या २९ तारखेला अटलांटिक सिटीत तो शेवटचा गायला, नोव्हेंबरमध्ये पोटाचा कर्करोग जाहीर झाला, पुढच्या मे महिन्यात ह्यूस्टनला गेला.

टिपण लिहायच्या आधी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधला त्यांचा २००७चा कार्यक्रम पूर्ण बघा. त्यात 'चिल्ड्रन ऑफ द सी' आहे. ते १९८०च्या मूळ ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवून ऐका, विशेषतः हळू सुरुवात संपून आवाज पहिल्यांदा मोठा उघडतो ती जागा.