सातवीत मुलांना हरवणारी मुलगी नववीत मागे का पडते?

तुम्ही विचारलंय की मुलगी सातवीपर्यंत शंभर मीटरमध्ये बिल्डिंगमधल्या सगळ्या मुलांना हरवायची, आता नववीत सराव वाढवूनही तीच मुलं पुढे जातात, तर ती आळशी झाली का?

नाही हो. मी मुंबईतल्या एका शाळेत पंचवीस वर्षं पी.टी. शिकवतोय. जूनमध्ये सातवीला उंचीप्रमाणे उभं केलं की रांगेच्या शेवटी बहुतेक मुलीच असतात. मुलींची उंचीची मोठी झेप बाराव्या वर्षाच्या आसपास होते, मुलांची दोनेक वर्षांनी. म्हणजे तेव्हाच्या तिच्या जिंकण्यातही थोडा वाटा वयाचा होता. आता पारडं फिरलंय, एवढंच.

वयात आल्यावर मुलांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक झपाट्याने वाढतं. मोठ्या पुरुषात ते बाईच्या साधारण पंधरापट असतं. त्याने स्नायू भरतात, हृदय मोठं होतं, हिमोग्लोबिन वाढतं. हातपाय लांब होतात, फुफ्फुसंही मोठी होतात. मुलींच्या अंगात त्याच वर्षांत थोडी चरबी वाढते, आणि ती वाढायलाच हवी. हा फरक सरावाने कमी होतो, पुसला जात नाही. शंभर मीटरचे जागतिक विक्रम बघा: पुरुषांत उसेन बोल्टचे २००९ चे ९.५८ सेकंद आणि बायकांत ग्रिफिथ-जॉयनरचे १९८८ चे १०.४९, यांत साडेनऊ टक्क्यांचं अंतर आहे. लांब उडीच्या विक्रमांत ८.९५ मीटर आणि ७.५२, म्हणजे सोळा टक्के. खांदे-दंडांच्या ताकदीत तर त्याहून जास्त, म्हणून पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा, बायकांचा ६०० चा. आपल्या कबड्डीतही पुरुषांचं मैदान १३ बाय १०, बायकांचं १२ बाय ८. याला कोणी 'सवलत' म्हटलं की माझं डोकं फिरतं. कुस्तीत वजनगट असतात तेव्हा कोणी सवलत म्हणत नाही.

खूप लांबच्या पल्ल्यात मात्र चित्र बदलू शकतं. ब्रिटनमधल्या २६८ मैलांच्या स्पाइन रेस या शर्यतीत २०१९ साली जॅस्मिन पॅरिस ही बाई पुरुषांसकट सगळ्यांच्या आधी पोचली, आणि वाटेतल्या थांब्यांवर ती घरच्या तान्ह्या मुलीसाठी दूध काढत होती.

आता माझी एक चूक सांगतो. नववीतलीच एक मुलगी, दोनशे मीटरची चांगली धावपटू, अचानक शेवटच्या पन्नास मीटरमध्ये गळायला लागली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मोबाईल कमी कर जरा." ती काही बोलली नाही. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसली. आठवडाभराने तिची आई भेटली, म्हणाली, "सर, चाळीचे तीन जिने चढताना मध्ये बसते ती." रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ! या वयाच्या मुलीला किमान बारा हवं. पाळीत रक्त जातं, डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी, वर घोटभर चहा. चहाने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आईने आहार बदलला, चारेक महिन्यांत पोरगी पुन्हा पळायला लागली. तिची माफी मी मागितली, पण सगळ्यांसमोर नाही, ते अजून खुपतं.

तर तुम्ही आधी तिचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्या. दुसरं, गुडघे. कमरेची ठेवण बदलते तशी मुली उडी मारून उतरताना गुडघे आत वळवतात, आणि गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, तुटण्याचं प्रमाण मुलींत बरंच जास्त आहे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून खाली उडी मारायला सांगा आणि समोरून बघा. गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर मांड्या-कमरेचे व्यायाम सुरू करा. तिसरं बोलायला मला अवघड जातं, तिच्या आईला सांगा: चांगली स्पोर्ट्स ब्रा घेऊन द्या. कित्येक मुली केवळ लाजेपोटी धावणं सोडतात आणि आम्ही मास्तर लोक 'आवड संपली' म्हणून मोकळे होतो.

आणि बिल्डिंगच्या पोरांशी शर्यत बंद. एक वही करा, दर पंधरा दिवसांनी त्याच मैदानावर, त्याच वेळी, तिचं टायमिंग लिहा. पाळीचे दिवसही त्यातच, पण ते तिला स्वतःला लिहू द्या.