मागच्या अंगणातलं छोटं घर: आधी सांडपाण्याची लाईन शोधा
आई-बाबांसाठी मागच्या अंगणात छोटं घर बांधताय, फार छान वाटलं. पण नकाशा काढून घेण्याआधी सध्याच्या घराची सांडपाण्याची लाईन कुठून जाते, किती खोल आहे, ते शोधा. आम्ही ते उशिरा पाहिलं. पाइपला पुरेसा उतार मिळेना, म्हणून बाथरूम दुसऱ्या टोकाला न्यावं लागलं आणि अख्खा नकाशा नव्याने काढावा लागला. विजेचं मुख्य पॅनलही बघून घ्या. जुन्या घरांत ते पुष्कळदा १०० अँपिअरचंच असतं, दोन घरांना कमी पडू शकतं.

परवानगीची धास्ती नको. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार, तुम्ही बाजूंना आणि मागे ४ फूट जागा सोडलीत, तर ८०० चौरस फुटांचं घर शहराला सहसा अडवता येत नाही. शेजाऱ्यांची सुनावणी नसते. अर्ज पूर्ण असेल तर ६० दिवसांत निर्णय द्यावाच लागतो, म्हणून कागद अर्धवट देऊ नका. ७५० चौरस फुटांच्या आत राहिलात तर इम्पॅक्ट फीही (नव्या बांधकामावर लागणारं शुल्क) वाचते.

आणि हो, उंबऱ्याशी पायरी नको, बाथरूमचा दरवाजा ३६ इंची घ्या. आईंचे गुडघे आज ठणठणीत असले, तरीही.