इतक्यात नको

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. संरक्षण मंत्रालय सोडून धोरण अभ्यासाच्या संस्थेत जायचं तुझ्या मनात आहे. जरूर जा, पण इतक्यात नको. आधी संरक्षण धोरणाचे अभ्यासक के. सुब्रह्मण्यम कोणत्या वाटेनं गेले ते नीट बघ.

रसायनशास्त्र शिकलेला हा माणूस १९५१ मध्ये आयएएसमध्ये आला. १९६२ च्या पराभवानंतर संरक्षण मंत्रालयात अर्थसंकल्प आणि नियोजनाचं काम त्यांनी सांभाळलं. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, नोव्हेंबर १९६५ मध्ये, दिल्लीत आयडीएसए ही संरक्षण अभ्यासाची संस्था सुरू झाली. आज तिला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. १९६८ मध्ये सुब्रह्मण्यम तिचे संचालक झाले, तेव्हा चाळिशीही आली नव्हती. मग पुन्हा सरकारी सेवा: तमिळनाडूचं गृहखातं, संयुक्त गुप्तवार्ता समिती, संरक्षण उत्पादन. आणि १९८० मध्ये परत त्याच संस्थेत. हे जाणं-येणं मला फार मोलाचं वाटतं.

कारण संस्थेत गेलीस की फाईल हातात नसते, आणि पूर्वी पाहिलेलं बरंचसं गुप्ततेच्या कायद्यामुळे लिहिता येत नाही. उरतात ते सगळ्यांसमोर असलेले कागद. २०२५-२६ साठी संरक्षणाला ६.८१ लाख कोटी रुपये, त्यातले सुमारे १.६ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. हे कुणीही वाचेल. पण भांडवली खर्चाची, म्हणजे नव्या शस्त्रसामग्रीसारख्या खरेदीची, रक्कम एखाद्या वर्षी मार्चअखेर का शिल्लक राहते, हे खरेदीची फाईल टेबलाटेबलावर अडताना पाहिलेल्यालाच उमगतं. म्हणून आणखी दोन-तीन वर्षं खरेदी किंवा अर्थसंकल्पाच्या शाखेत मागून घे.

दुसरं जास्त अवघड आहे. अशा संस्था बहुधा सरकारी पैशावर चालतात, आणि सरकारला रुचणार नाही तेही त्यांनी सांगायचं असतं. कारगिल आढावा समितीचे अध्यक्ष म्हणून सुब्रह्मण्यम यांनी पाच महिन्यांच्या आत अहवाल दिला आणि गुप्तवार्ता यंत्रणेतल्या उणिवा त्यात स्पष्ट मांडल्या. त्याच वर्षी, १९९९ मध्ये, पद्मभूषण नाकारलं. नोकरशहा आणि पत्रकारांनी सरकारी सन्मान घेऊ नयेत, असं त्यांचं मत होतं.

सरकारला न रुचणारं सांगणं मला जमलं नाही. वरून फोन येईल या धास्तीने एका तरुण सहकाऱ्याच्या निबंधातला सर्वांत चांगला परिच्छेद मी स्वतःच काढला होता. फोन कधी आलाच नाही. तो मुलगा मात्र पुढे जपून, बेतानंच लिहू लागला. अजून सलतं ते.

संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अलीकडचे तीन अहवाल वाच आणि त्यांवर चार पानं लिहून पाठव. कार्यालयातलं काहीही त्यात नको. मी ओळ न् ओळ वाचेन, आणि या वेळी काहीही काढणार नाही.

तुझा,
सर