ठिपके पाठ करून विमान चालत नाही

प्रश्न (संक्षिप्त) : मुलगा अकरावी सायन्सला आहे, दहावीला ८९ टक्के. त्याने फायटर पायलट व्हावं ही माझी इच्छा आहे. तो मात्र शेजारच्या गॅरेजमध्ये जुन्या बुलेटचं इंजिन खोलत बसतो. जोश येईल अशी महायुद्धातल्या वैमानिकांची पुस्तकं सुचवा. लाल-हिरव्यात त्याची कधीकधी गफलत होते, पण तपासणीतली ठिपक्यांची चित्रं पाठ करून घेता येतात असं कळलं. पहिल्या महायुद्धातले भारतीय लढाऊ वैमानिक इंद्रलाल रॉय यांनाही आधी नजरेवरून नाकारलं होतंच ना?
— एक पालक, सातारा

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात 'माझी इच्छा' चारदा आली आहे. मुलगा काय म्हणतो, ते एकदाही नाही. गॅरेजचा उल्लेखही तुम्ही तक्रार म्हणून केलाय. पत्रातली मुलाबद्दलची खरी माहिती तेवढ्या एका वाक्यातच आहे, म्हणून पुस्तकं जरा थांबू द्या.

आधी ठिपक्यांचं. त्या चित्रांना इशिहारा चाचणी म्हणतात. चित्रं पाठ करता येतात, पण डॉक्टर क्रम बदलतात. शिवाय वैमानिकाला सीपी-१ दर्जाची रंगदृष्टी लागते. त्यासाठी अंधाऱ्या खोलीत सहा मीटरवरून मार्टिन लँटर्नचे रंगीत दिवे ओळखावे लागतात. तिथे पाठांतर चालत नाही. हा दोष बहुधा जन्मजात असतो, व्यायामाने किंवा औषधाने जात नाही. आणि समजा, तो यातूनही निसटला, तर पुढे काय? विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्याला हिरवा. समोरचं विमान आपल्याकडे येतंय की लांब जातंय, हे रात्री त्यावरूनच कळतं. रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून हिरवा झोत म्हणजे उतरा आणि लाल म्हणजे थांबा, घिरट्या घाला. इथे गफलत झाली तर ती मुलाच्या जिवावर बेतेल. शिवाय अधिकारी होऊ घातलेल्या पोराला बापाने पहिला धडा लबाडीचा द्यावा, हे मला अजिबात पटत नाही.

रॉय यांचा दाखला तुमच्या बाजूने जात नाही. नाकारल्यावर त्यांनी मोटरसायकल विकली, त्या पैशांतून नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेतली आणि निर्णय फिरला. त्यांनी काही लपवलं नव्हतं. तुम्हीही तेच करा : याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि रंगदृष्टीची पूर्ण तपासणी मागा. अहवाल स्वच्छ आला आणि मुलालाही हवं असेल, तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन एनडीए. परीक्षा वर्षातून दोनदा होते, पण वैमानिक कलचाचणी आयुष्यात एकदाच. दोष निघाला तर लढाऊ विमानाचा विषय घरात कायमचा बंद.

आता पुस्तकं. जोश आणणारं पुस्तक हवंच असेल तर पहिल्या महायुद्धातला जर्मन लढाऊ वैमानिक रिश्टहोफेन याचं १९१७ सालचं आत्मकथन आहे. मात्र ते ऐन युद्धात, सेन्सॉरच्या नजरेखाली, प्रचारासाठी निघालं होतं. डोक्याला गोळी लागल्यावर त्याला स्वतःलाच त्यातला उद्धटपणा खटकू लागला. प्रामाणिक पुस्तकं डोकं थंड करतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनकडून लढलेला वैमानिक रिचर्ड हिलरी याचं 'द लास्ट एनिमी' तुम्ही वाचा, मुलाच्या आधी. ३ सप्टेंबर १९४० रोजी त्याचं स्पिटफायर हे लढाऊ विमान पेटलं, डोक्यावरची काच सरकेना, हात आणि चेहरा भाजला. पुढे मॅकिंडो या शल्यविशारदाने त्याच्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया केल्या. तरी तो पुन्हा विमानात बसला आणि जानेवारी १९४३ मध्ये सरावाच्या उड्डाणात गेला.

मुलाला मात्र जेम्स मॅकडनचं आत्मचरित्र द्या. हा गडी १९१३ मध्ये ब्रिटिश विमानदलात मेकॅनिक म्हणून आला आणि पुढे वैमानिक होऊन पहिल्या महायुद्धात शत्रूची ५७ विमानं पाडल्याची नोंद त्याच्या नावावर लागली. तरी इंजिन आणि बंदुका तो स्वतः तपासायचा, कारण ऐन वेळी बंदूक अडकली की सगळं नेम-कौशल्य फुकट. जर्मन टेहळणी विमानं जिथून निर्धास्त जात, त्या उंचीवर पोहोचण्यासाठी त्याने आपल्या एसई-५ए विमानाच्या इंजिनात जास्त दाबाचे पिस्टन बसवून घेतले होते.

आणि दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या बिएट्रिस शिलिंग यांच्याबद्दल मिळेल ते वाचायला द्या. स्पिटफायरचं नाक झटकन खाली घातलं की मर्लिन इंजिन गचके खायचं : आधी पेट्रोल तुटायचं, मग कार्बोरेटरमध्ये नको इतकं भरायचं. जर्मन मेसरश्मिट विमानांना थेट इंधन फवारणी असल्याने ती सुळकन खाली निसटत. १९४१ मध्ये या बाईंनी इंधनाच्या वाटेत नेमक्या मापाचं भोक असलेली छोटी चकती बसवली आणि तो पूर आटोक्यात आणला. त्या इंजिनिअर होत्या आणि नॉर्टन मोटरसायकलवर शर्यती जिंकायच्या! मेकॅनिकल किंवा एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची वाट इथूनच निघते, जेईई-सीईटीचे अर्ज कॉलेजात सांगतीलच.

आज संध्याकाळी गॅरेजमध्ये जा. बुलेटच्या कार्बोरेटरमधला फ्लोट अडकला तर काय होतं, ते मुलाला विचारा. तो सांगत असेल तोवर एनडीएचं नाव काढू नका.