लहान मुलांना 'येशू आपल्या पापांसाठी मेला' हे न घाबरवता कसं शिकवावं?

तुमची लेकरं सहा-सात वर्षांची आहेत आणि ती घाबरू नयेत असं तुम्हाला वाटतं, एवढं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

आमच्या जालन्याकडे एका मंडळीत झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, संडे स्कूलच्या गुरुजींनी लाकडी फळी, हातोडी आणि डबाभर खिळे आणले. एकेका लेकरानं पुढं यायचं, आपलं एक पाप सगळ्यांदेखत सांगायचं आणि एक खिळा ठोकायचा. वर गुरुजी म्हणणार, "हा खिळा तू प्रभूच्या हातात ठोकलास." माझी पोरगी तेव्हा पहिलीत. आजीच्या बटव्यातले पैसे घेतले, असं सांगून तिनं हातोडी मारली आणि खिळा वाकला. गुरुजींनी तो उपटला, दुसरा दिला, तिचा हात धरून पुन्हा ठोकायला लावला. त्या रात्री पोरगी जेवली नाही. पुढं दोन दिवसांत आजीला ताप आला, तर ही कोपऱ्यात बसून रडतेय, माझ्यामुळंच आला म्हणून.

मी तिला बायबलमधल्या यहेज्केल पुस्तकाचा १८ वा अध्याय सांगितला. मुलाच्या पापाचा भार बापावर नाही, बापाच्या पापाचा मुलावर नाही. मग तुझा आजीवर कसा येईल? तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "मग आमचा येशूवर कसा गेला?"

खरा प्रश्न हा आहे, आणि फळी-खिळ्यांत त्याला उत्तर नाही. उत्तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात आहे. माझा प्राण कोणी माझ्याकडून घेत नाही, मी होऊन देतो, असं येशू म्हणतो. एकाचं ओझं दुसऱ्यावर लादणं हा अन्याय, आपणहून उचलणं ही माया. पहिलीतल्या लेकराला एवढं कळतं. माझ्या लेकीला तरी कळलं.

गुरुजींना जाब विचारला तर त्यांनी न्यायाधीशाची गोष्ट ऐकवली. मुलगा गुन्हेगार, न्यायाधीश बाप, बाप दंड ठोठावतो आणि खुर्चीवरून उतरून स्वतःच भरतो. तेवढी बरी आहे. पण वर्गात ती सांगताना रागावलेला बाप एकीकडे आणि मार खाणारा येशू दुसरीकडे, असंच चित्र उभं राहतं. लेकरं येशूवर प्रेम करायला शिकतात आणि देवाला भ्यायला. प्रेषित पौल तर बायबलमधल्या पत्रात लिहितो की देवच ख्रिस्तामध्ये जगाशी समेट करत होता. आपण दर रविवारी म्हणतो त्या प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, येशूला शिक्षा देणारा पंतय पिलात आहे, वधस्तंभ आहे, पापांची क्षमा आहे. हिशोब कसा चुकता झाला याचं गणित त्यात नाही. जे मंडळीनं तिथं घातलं नाही, ते सहा वर्षांच्या पोराकडून पाठ कशाला करून घ्यायचं?

लेवीय पुस्तकाच्या १६ व्या अध्यायातले, प्रायश्चित्ताच्या दिवसाचे दोन बकरे मात्र जरूर सांगा. एकाचा बळी, दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापं कबूल करायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं. आपल्याकडची लेकरं कंदुरी, म्हणजे नवसाचा बकरा कापून घातलेलं जेवण, बघितलेली. माझ्या वर्गात एकानं लगेच विचारलं, "मटण कुणी खाल्लं?" मोठी माणसं हसली. मी हसले नाही, कारण प्रश्न मुद्द्याचा होता. त्या दिवशीच्या पापार्पणाचं, म्हणजे पापांसाठी दिलेल्या बळीचं, मांस कुणीच खात नसे, ते छावणीबाहेर नेऊन जाळत. आणि इब्री लोकांस पत्राच्या १३ व्या अध्यायात लिहिलंय की येशूनंही वेशीबाहेर दुःख सोसलं.

इथं मी थांबते आणि आपली गोष्ट सांगते. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी पुढं जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथं आलेल्यांत मांग-महारांची घरं होती, म्हणजे गावकुसाबाहेर ठेवलेली माणसं. आमच्या कितीतरी लेकरांचे पणजोबा त्यातलेच. देव वेशीबाहेर येऊन मेला, हे त्यांना गणित न मांडता कळलं असणार. मी तरी पापनिवारण, म्हणजे येशूच्या मरणानं पाप कसं मिटतं ते, इथूनच शिकवते.

"ही पाप शिकवतच नाही," असं गुरुजी अजून सांगत फिरतात. शिकवते की! लूकच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायातला जकातदार जक्कय शिकवते. येशू आधी त्याच्या घरी गेला, मग जक्कयनं लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. माझ्या पोरीनंही आजीचे पैसे परत नेऊन दिले, आणि तेही खिळा ठोकला त्या दिवशी नाही, भीती गेल्यावर.

हे सगळं लहानांसाठी हं. दृढीकरणाच्या, म्हणजे मोठं झाल्यावर आपला विश्वास स्वतः कबूल करायच्या विधीच्या, वर्गातल्या पोरांना रोमकरांस पत्राचा ३ रा आणि ५ वा अध्याय नीट शिकवा, तिथं देवाचा क्रोधही आहे आणि तो गाळून चालणार नाही. तुम्ही कॅथलिक असाल तर तुमच्याकडं याच वयात पहिल्या पापनिवेदनाची तयारी घेतात. त्यातलं मला फारसं कळत नाही, फादरांना विचारा.