रेडिओ कंट्रोल पाणबुडीत कॅमेरा बसवला तर ड्रोनसारखं थेट चित्र मोबाइलवर दिसेल का?

थेट चित्राचा नाद सोडा. ड्रोनचे बरेच कॅमेरे ५.८ गिगाहर्ट्झवर चित्र पाठवतात आणि ती लहर पाण्यात काही सेंटिमीटरांतच विरते. २.४ गिगाहर्ट्झची गतही फारशी बरी नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच्याच आसपास चालतो आणि वाटीतलं पाणी ती ऊर्जा कशी पिऊन टाकतं ते आपण रोज बघतो. म्हणून तर पाणबुडीवाले २७ किंवा ४० मेगाहर्ट्झचे जुने सेट अजून जपून वापरतात, तेही गोड्या पाण्यात. समुद्रात ४० मेगाहर्ट्झसुद्धा हातभर खोलीवर संपतं. तुमचा रिमोट २.४चा असेल तर कॅमेऱ्याआधी तो बदला.

थेट हवंच असेल तर ट्रान्समीटर थर्माकोलच्या तुकड्यावर तरंगता ठेवून बारीक वायरने बोटीला जोडतात. मीही केलं होतं. तिसऱ्याच वळणाला वायर पंख्यात गुंडाळली गेली. आता कार्डावर रेकॉर्ड करतो आणि घरी येऊन बघतो.

माझी बोट रेव्हेल कंपनीच्या १:७२ गॅटो (दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी पाणबुडी) किटवरून केलेली आहे, सुमारे १३० सेंटिमीटर लांब. कॅमेरा मी आतल्या कोरड्या नळीत, म्हणजे बॅटरी-मोटर असते त्या पाणीबंद नळीत, ठेवत नाही, दर वेळी ती उघडायची म्हणजे गळतीला आमंत्रण. त्याला वेगळी छोटी कुपी केली आणि कॉनिंग टॉवरच्या (पाणबुडीच्या पाठीवरचा बुरूज) पुढच्या कडेला बसवली. तिथून डेक आणि नाळ (बोटीचं पुढचं टोक) चित्रात येते. नाकावरच कॅमेरा लावलात तर पोहण्याच्या तलावाच्या निळ्या फरशा सोडून काही दिसणार नाही!

खरं काम वजनाचं. माझी कुपी ६० मिली पाणी बाजूला सारते आणि कॅमेऱ्यासकट भरते ४५ ग्रॅम, म्हणजे ती बोटीला १५ ग्रॅमनी वर ओढणार. ते १५ ग्रॅम शिसं कुपीच्या आतच तळाशी ठेवा. बाहेर लावलंत तर शिसंही थोडं पाणी सारतं, मग साडेसोळा लागतं. हिशोब नको असेल तर बादलीत सोडून बघा: कुपी तरंगूही नये, बुडूही नये, अधांतरी राहावी. तेवढं जमलं की पाण्याखाली बोटीचा तोल जागचा हलत नाही. वर आल्यावर मात्र तेच ६० ग्रॅम बोटीच्या डोक्यावर बसतात आणि ती डुलते, म्हणून कुपी जमेल तेवढी लहान करा.

काच सपाट असेल तर हवेत ९० अंश बघणारी लेन्स पाण्यात जेमतेम ६४ अंश बघते, तेव्हा वाइड लेन्सच घ्या.

आणि वाफ! कॅमेरा आत तापतो, काच बाहेरच्या पाण्याने गार असते. पावसाळ्यात दमट हवेत झाकण लावलं आणि माझ्या पहिल्या बुडीची वीस मिनिटं नुसतं धुकं चित्रित झालं. आता सिलिका जेल आधी ओव्हनमध्ये सुकवून घेतो आणि कुपी एसीच्या खोलीतच बंद करतो. रेकॉर्डिंग त्याआधी सुरू करायचं, हे मी दोनदा विसरलोय.

कॅमेरा घालण्याआधी रिकाम्या कुपीत टिश्यू पेपर ठेवा, ओ-रिंगला (झाकणाच्या रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस लावा आणि दगड बांधून अर्धा तास तलावाच्या तळाशी सोडा. कागद कोरडा निघाला तरच पुढे जा. पहिल्या दोन-चार बुड्यांना बोटीलाही तंगूस बांधलेली असू द्या, मागच्या बाजूला नको, नाळेला.