वाचकांचे प्रश्न : भटक्यांचे सोने

प्रश्न : उत्तर अफगाणिस्तानातील तिल्या तेपे येथे सापडलेल्या दागिन्यांची छायाचित्रे पाहण्यात आली. आज इथे तर उद्या तिथे तंबू ठोकणाऱ्या टोळ्यांजवळ इतके नाजूक जडावकाम कसे असेल? हा सारा लुटीचा माल तर नव्हे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण तेथे परमुलुखातल्या वस्तूही आहेत. शिबरगान शहराजवळच्या या टेकडीवर व्हिक्टर सारियानिदी यांच्या सोव्हिएत-अफगाण पथकाने १९७८ मध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकातील थडगी शोधली. उघडलेल्या सहांपैकी पाच स्त्रियांची व एक पुरुषाचे होते. त्यांत सोन्याचे २०,००० हून अधिक नग निघाले, मात्र त्यांतले बहुसंख्य म्हणजे कपड्यांवर शिवलेल्या बारीक टिकल्या होत्या. कापड कुजले तरी टिकल्या जागच्या जागी राहिल्या, आणि त्यांच्या आधारे पेहरावाची ठेवण बऱ्याच अंशी जुळवता आली.

एका थडग्यात रोमन सम्राट टायबेरियसचे सोन्याचे नाणे होते, दुसऱ्यात खरोष्ठी अक्षरांची भारतीय सुवर्णमुद्रा. ती व्यापारातून आली की लुटीतून, हे नाण्यावरून कळत नाही. दागिन्यांचे तसे नाही. थेंबाच्या, बदामाच्या आकारात घासलेले पिरोजे कोंदणात बसवण्याची एकच ढब बकलांपासून खंजिराच्या म्यानापर्यंत पुन्हा पुन्हा दिसते, त्यावरून या मंडळींची आवड जाणणारे कारागीर त्यांच्या हाताशी होते असे मला वाटते. सहाव्या थडग्यातील ॲफ्रोडायटीची चिमुकली मूर्ती पाहा : देवी ग्रीक, पाठीला पंख, आणि कपाळावर चक्क आपल्याकडची टिकली! असले मिश्रण गिऱ्हाइकाच्या फर्माइशीवाचून घडणे अवघड.

त्याच थडग्यातील मुकुट तर आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. सोन्याच्या पत्र्याची पट्टी, तिच्यावर पाच झाडे, झाडांवर पक्षी आणि मान हलताच थरथरणाऱ्या असंख्य टिकल्या, असा त्याचा घाट आहे. ही झाडे पट्टीच्या मागील बाजूस असलेल्या बारीक नळ्यांमध्ये अडकवलेली असल्यामुळे मुक्काम हलवताना ती काढून सगळा मुकुट सपाट ठेवता येई. महालात राहणाऱ्या राणीसाठी सोनाराने ही खटपट कशाला केली असती?